नाव जनकोजीचं, हात तुळजेचा

(तांबरम, २००६. रविवारची सकाळ. महालक्ष्मीबाईंच्या जेवणाच्या टेबलावर जुनी मोडी वही. समोर देवेश : नोकरी शोळिंगनल्लूरला, मोडी साताऱ्याच्या आजोबांकडून शिकलेला.)

देवेश : पण आजी, पहिल्याच पानावर जनकोजींचं नाव आहे. या पदांच्या पुस्तकावर संपादक तेच छापणार ना?

महालक्ष्मी : सरी, खरें, नांव त्यांचेंच. वही त्यांनी विकत आणली, वर नांव घातलें. पदें त्यांच्या बायकोनें रचलीं. माझ्या पणजीनें. तुळजेनें.

देवेश : हे तुम्हाला कोणी सांगितलं?

महालक्ष्मी : आईनें. आईला माझ्या आजीनें.

देवेश : ऐकीव गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात धरत नाहीत, असं म्हणाले ते. आणि पुस्तक उद्या छापायला जातंय.

महालक्ष्मी : म्हणून तर तुज बोलावलें. शेवटचीं पानें चिकटलींत. आजवर कोणी उघडलीं नाहींत.

देवेश : फाटली तर?

महालक्ष्मी : मिटलेलीं ठेवून तरी काय करूं? ही बांबूची काडी घे. हळू.

देवेश : थांबा... सुटलं. कोपरा गेला थोडा. शाई मात्र काळीभोर आहे हो!

महालक्ष्मी : वाच, कण्णा. मज मोडी येत नाहीं. तमिळ अक्षरांत मराठी लिहून मोठी झाल्यें मी.

देवेश : 'हें पद आज पुरें केलें.' यावरून बाई की पुरुष, कळत नाही.

महालक्ष्मी : पुढें.

देवेश : 'मूल निजवून बसल्यें.' आजी, 'बसल्यें'! 'बसलों' नाही. तुम्ही आत्ता 'झाल्यें' म्हणालात ना, तसंच. बाईच बोलतेय ही.

महालक्ष्मी : अय्यो...

देवेश : 'सासूबाई उठण्याआधीं इतकेंच लिहवलें.' सही नाही. पण अक्षर सगळ्या पदांचं हेच. पहिल्या पानावरचं नाव तेवढं दुसऱ्या हातचं.

महालक्ष्मी : संपादकांना फोन लाव.

देवेश : आज रविवार आहे.

महालक्ष्मी : तिला कुठला रविवार होता? लाव.

देवेश : हॅलो, सर, देवेश बोलतोय. हो, महालक्ष्मीबाईंकडूनच. शेवटची पानं उघडली... पुरावा आहे, सर, पानावरच आहे... बरं, सांगतो. आजी, फोटो पाठवा म्हणतात. खात्री पटली तर नाव बदलतील.

महालक्ष्मी : फोटो कशाला? एग्मोरलाच राहतात ना? लोकल धरूं. वहीच पुढें ठेवत्यें त्यांच्या.

देवेश : आणि तुमचे गुडघे? जिने आहेत स्टेशनात.

महालक्ष्मी : चढेन बसत बसत. नांव बदलल्याविना परतायची नाहीं मी. निघण्याआधीं तेवढी ओळ परत वाच.

देवेश : 'मूल निजवून बसल्यें.' कोणतं मूल, ते लिहिलं नाही.

महालक्ष्मी : तिला एकच झालें. हळू वाच, कण्णा. माझे आजोबा निजलेत तिथें.