पंचेचाळीस अंशांवरचा भोंगा

जबाब, दिनांक ८ मे २००८

नाव मरियम कमाल होडेकर, वय ४४ वर्षे, धंदा मासळी निवडणे व सुकविणे, राहणार मिरकरवाडा, रत्नागिरी.

मी आज बंदरावरील चौकीत स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. मुलगा अद्नान, वय २३, शारजा येथे कॉम्प्युटरच्या कामाला आहे. माझे पती कमाल हे ११ सप्टेंबर २००५ रोजी आमच्या ट्रॉलरवरून रघू नावाच्या खलाशासह समुद्रात गेले. दोघे परत आलेले नाहीत. त्याबाबतचा माझा जबाब याच चौकीत आहे.

त्या दिवशी ट्रॉलरचा भोंगा दुरुस्तीला दिलेला होता. ट्रॉलर भोंग्याविना गेला. भोंगा चार दिवसांनी दुरुस्त होऊन घरी आला.

या फेब्रुवारीत अद्नान सुट्टीवर आला असता त्याने जुन्या कॉम्प्युटरमध्ये दोन हार्ड डिस्क बसवून माळ्यावर सर्व्हर केला. सर्व्हर म्हणजे घरचे फोटो व व्हिडिओ जपून ठेवण्याचे मशीन. त्यात आमच्या सात कॅसेट उतरविल्या आहेत. पैकी चारांत पती बोलतात. मूळ कॅसेटना बुरशी आली होती, त्या आता चालत नाहीत.

माळ्यावर पत्रा आहे. डिस्क फार तापली तर आतले सगळे जाते, म्हणून तापमान ५५ अंशांवर गेले की मशीनने इशारा द्यावा, अशी अद्नानने सोय केली. मशीनचा आवाज बारीक आहे. मी दिवसभर जेट्टीवर असते, हात कोळंबीत असतात, मोबाइल घेता येत नाही. म्हणून इशाऱ्याला भोंगा जोड, असे मी सांगितले. त्याने बॅटरी लावून भोंगा पत्र्यावर बसविला. अब्बा कसा वाजवायचे, असे त्याने विचारले. दोन लांब, एक आखूड, असे मी सांगितले. बंदरात शिरताना पती तसा वाजवीत.

सोमवार, ५ मे रोजी दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी भोंगा वाजला. त्या वेळी जेट्टीवर सुरमईचा लिलाव चालू होता. लिलाव करणारे आत्माराम भाटकर, म्हणजे या प्रकरणातील तक्रारदार, आकडा अर्धा बोलून थांबले. हमालांनी टोपल्या खाली ठेवल्या. बर्फवाल्याने बर्फाच्या चार लाद्या काढल्या. विठूकाका, जे जेट्टीवर बोटींचे दोर धरतात, ते दोर धरायला टोकाशी जाऊन उभे राहिले. ते रघूचे वडील आहेत. बोट आली नाही. लाद्या वितळल्या.

भोंगा वाजताच घरी जाऊन डिस्कला पंखा लावायचा, असे ठरलेले होते. मी घरी गेले नाही. मी विठूकाकांच्या शेजारी उभी होते.

वीस मिनिटांनी मी सर्वांना खुलासा केला की, हे डिस्कचे तापमान आहे. लोक हसले. भाटकर म्हणाले, "वैनी, तुमचं मशीन तापतंय आणि माझी सुरमई नरम पडते."

मंगळवारी १२ वाजून ३५ मिनिटांनी भोंगा पुन्हा वाजला. सर्वांना कारण माहीत होते. लिलाव पुन्हा थांबला व पुन्हा चार लाद्या निघाल्या. मी विठूकाकांना म्हटले, काका, काल सांगितलं होतं ना. ते म्हणाले, "ठावं हाय गो. पन वाजला की बसवत नाय."

बुधवारीही तसेच झाले. त्यानंतर भाटकर यांनी तक्रार दिली. भोंगा जप्त करावा, अशी त्यांची मागणी आहे.

डिस्क किती अंशांवर बिघडते, असे हवालदारसाहेबांनी विचारले. ५५च्या पुढे, असे मी सांगितले. मग इशारा कितीवर लावलेला आहे, असे विचारता, ४५वर. कोणी लावला, असे विचारता, मी. मार्च व एप्रिल दोन्ही महिन्यांत भोंगा एकदाही वाजला नव्हता. आकडा कसा बदलायचा ते अद्नानने वहीच्या कागदावर लिहून दिले आहे. खाली लिहिले आहे, अम्मी, आकड्याशिवाय कशालाही हात लावू नकोस. मी आकड्याशिवाय कशालाही हात लावलेला नाही. मेच्या दुपारी डिस्क ४६पर्यंत जाते, हे मला माहीत होते. कारण विचारले असता मी चाचणी असे सांगितले. तीन दिवस चाचणी का, यावर मला काही सांगायचे नाही.

आकडा परत ५५ करते, परंतु भोंगा जप्त करू नये, अशी माझी विनंती आहे.

जबाब इथपर्यंत आला असता १२ वाजून ४४ मिनिटांनी भोंगा वाजला. हवालदारसाहेब पेन ठेवून बाहेर गेले. चौकीतच बसलेले भाटकर त्यांच्या आधी गेले होते. मीही गेले. लेखन अकरा मिनिटे थांबले.

परत आल्यावर भाटकर पाणी प्याले व म्हणाले, "पंचावन्न नको. अठ्ठेचाळीस करा."

अठ्ठेचाळीसला किती वेळा वाजेल, असे हवालदारसाहेबांनी विचारले. मे महिन्यात फार उकडले तर एखाद्या वेळी, असे मी सांगितले. भाटकर म्हणाले, एकदा चालेल. त्यांनी तक्रार मागे घेतली आहे. भोंगा माझ्याकडेच राहील.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखविला, आकडे मी दोनदा वाचून घेतले. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, अकरा मिनिटांसह.

सही: मरियम कमाल होडेकर