शुक्रवारचा ताप

आमचं मूळ आष्टीच्या शिवारातलं. जात धनगराची, बाप मेंढरं राखायचा, मीबी तेच करून राह्यलो. स्वभाव पहिल्यापासून संशयी. सोयऱ्यानं हसून राम राम घातला तरी वाटतं, याचं काहीतरी काम असंल. मंग काय सांगू तुम्हाला, जालन्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं अन् म्हणला, लिवरात जुनी कावीळ हाय, वर्षभर दर हप्त्याला सुई घ्यावी लागंल, तवा मला वाटलं, झालं, ह्याला गिऱ्हाईक घावलं.

सोमवारी सुई घ्यायची, सांजच्याला ताप यायचा, मंगळवारी उतरायचा. डॉक्टर म्हणायचा, हा ताप सुईचा, घाबरू नका, पण ह्या सुईनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, जखम चिघळली, भलत्याच दिवशी ताप आला, तर जल्दी या. एकदा म्हणतो घाबरू नका, एकदा म्हणतो जल्दी या, हा माणूस काय मला बराबर वाटंना.

एका बुधवारी लोकर कातरताना कातर बोटात घुसली. आमच्यात जखमेत भंडारा दाबतात, देवाची हळद, बापानं दाबला, आज्यानं दाबला. मीबी देव्हाऱ्यातली डबी काढली अन् दाबला. त्या डबीत घरातल्या सगळ्यांचीच बोटं जायची, मेंढरं हाताळून आलेली बी तशीच जायची. शुक्रवारी हुडहुडी भरली. मी बायकोला म्हणलं, बघ, सुईनं मारलं मला, आता सुई बिलकुल बंद. हात कोपरापर्यंत सुजल्ता, तो घोंगडीखाली दडवला, म्हणलं, डॉक्टरनं पाह्यला तर कापायचंच काढंल.

बायको म्हणली, आवं, सुईचा ताप सोमवारचा, आज शुक्रवार हाय, हा ताप दुसराच हाय. घोंगडी वढली, हात पाह्यला अन् रडायलाच लागली. तशीच मला जीपात घालून जालन्याला घेऊन गेल्ती. डॉक्टरनं बोट चिरून पू काढला, सलाईन लावली अन् तिला म्हणला, जंतू रक्तात गेलेत, दोन दिवस काही सांगता येत न्हाई. मी ऐकून राह्यलो व्हतो. लई भ्यालो, खोटं कशाला बोलू.

वाचलो ते तिनं वार ध्यानात ठेवला म्हणून. एक बोट आता वाकत न्हाई. सुई थोडे दिवस थांबवली व्हती, पुन्हा सुरू हाय. डॉक्टरवर संशय अजून हायेच, सुईवरची तारीख मी दोनदा वाचून घेतो. पण बघा, जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, त्या डबीवर तेवढा कधी घेतला न्हाई. भंडारा अजून रोज लावतो, पण कपाळालाच. देव तुमचं बरं करो.