नखावर गळ

—नाही, नाही, आधी पाय पुसा. तिथे, त्या पायपुसण्यावर. केवढा चिखल हो हा, पार गुडघ्यापर्यंत! तळ्यावरून धावत आलात की काय? बसा त्या स्टुलावर, दम खा जरा. कशाला आलात ते कळलं मला, सांगायची गरज नाही. तुम्ही ते नवे मेंबर ना — आमच्या ट्रेव्हरच्या शेजारच्या जागेवर शनिवारी तंबू ठोकलात ते? मग झालं तर. प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यात याच दारातून, असंच ओलंचिंब तोंड घेऊन आत येतो आणि एकच विचारतो — ग्लेन्डा, गळाची रिग, ती दोरा-कड्यांची जुळणी, साधी घेऊ की भानगडीची? नाही, थांबा, मला बोलू द्या. पस्तीस वर्षं हे दुकान चालवतेय मी.

हे बघा. ही साधी. वीतभर दोरा, टोकाला गळ, दुसऱ्या टोकाला एक कडी, दाणा लटकवायला केसाएवढं शेपूट — संपलं. चहा उकळेपर्यंत चार बांधून होतात. आणि ही दुसरी बघा. हिला फिरकी, हिला वाकडी नळी, हा मणी, ही अंगठी, मध्येच हे ताठ प्लास्टिक, वर पुन्हा एक फिरकी — सात तुकडे! बघायला कशी, एखाद्या बाईने सगळे दागिने एकदम घालावेत तशी. पाण्यात गेली की निम्म्या वेळा स्वतःभोवतीच गुरफटते. किंमत तिप्पट. आणि खपते कुठली? हीच! पुरुषांना साधं काही दिलं की त्यांना वाटतं आपल्याला फसवलं. तुम्ही मान हलवताय, पण तुम्हीही त्यातलेच, तुमच्या खिशाला तीन डब्या लटकतायत त्या दिसतात मला.

खरं सांगू? कार्प मासळीला यातलं काही कळत नाही. ती दाणा तोंडात घेते, गंमत वाटली नाही की थुंकते. त्या थुंकण्याच्या आधी गळ रुतला पाहिजे, एवढीच सगळी विद्या. म्हणून बघायचं ते टोक. तुमचा अंगठा द्या इकडे. द्या हो, चावत नाही मी. हा गळ नखावर असा हलकेच ओढायचा — बघा, अडकला. रुततोय ना? हा चांगला. आता हा दुसरा. बघा — घसरला. ओरखडासुद्धा नाही. असा गळ पाण्यात टाकला तर मासा शिंकून बाहेर काढील. गळ टाकण्याआधी नखावर बघत नाही असा माणूस या तळ्यावर सापडणार नाही. एक आमचा ट्रेव्हर सोडून. तो नाही बघत. का, तर त्याचे गळ मी बांधते. बायकोने बांधलेलं काय तपासायचं, म्हणतो.

हो, हा घसरणारा त्याचाच. उद्यासाठी बांधून ठेवलाय.

असं काय बघता? बरं, दिसलंच आहे तुम्हाला तर — पण हे दाराबाहेर जायचं नाही हं. बाकी कुणाच्याही गळाला मी हात लावत नाही, सगळे काट्यासारखे असतात, विचारा कुणालाही. फक्त त्याचे. हा दगड आहे ना, याच्यावर दोनदा उलटा घासायचा, की टोक बोथट. दोनदाच. बस्स.

अहो, हातवारे काय करता, ऐकून तर घ्या! बटन्स माहिती आहे ना तुम्हाला? तळ्यातली सगळ्यात मोठी — चव्वेचाळीस पौंड, एका अंगाला कोटाच्या गुंड्यांसारखे सहा खवले रांगेत. तिच्यासाठीच तर तुम्ही सगळे वर्गणी भरता. ट्रेव्हर तिच्या मागे बारा वर्षं आहे. बारा! बारा वर्षांपूर्वी माझ्या बहिणीने, मार्जरीने, क्रोमरला समुद्रासमोर घर घेतलं. आठवडाभर जाऊन राहिले मी, आणि परत आल्यावर इथेच, या गल्ल्यामागे, रडले. म्हटलं मला गळ आणि किडे आणि ओले तंबू नकोत, मला सकाळी उठून समुद्र बघायचाय. तर हा म्हणाला, ग्लेन्डा, बटन्सला एकदा हातात घेतो, पाण्यात सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकान विकायला काढतो. शब्द. आणि ट्रेव्हरचा शब्द म्हणजे, काय सांगू, दगडावरची रेघ.

मग काय! मला तर गळ कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, तोवर मी नुसती विकत होते. पण त्याच दिवशी शिकले. पहिली रिग बांधली ती माझ्या स्कर्टच्या काठातला लाल दोरा उसवून — दुकानातला संपला होता. साधीच. गळ, दोरा, कडी. टोक इतकं घासलं, इतकं घासलं, माझ्याच बोटात गेलं. ती गेली असेल कुठे तळ्याच्या गाळात. त्यानंतर किती बांधल्या, त्याला हिशेब नाही. मार्जरीला फोन करायचे — शेजारची खोली धरून ठेव गं, या उन्हाळ्यात येतोच बघ आम्ही.

आणि मग केनचं झालं. केन ट्रेव्हरचा मित्र, पलीकडच्या काठाला बसायचा. त्यालाही असाच एक मासा हवा होता, नऊ वर्षं लागली, मिळाला. टाळ्या झाल्या, फोटो झाला, मीच बेकन पाव वाटले सगळ्यांना. केनने गळाच्या काठ्या विकल्या आणि घरी जाऊन खुर्चीत बसला. बसलाच. त्याची बायको डोरीन म्हणायची, विचारलं काय बघतोस, तर म्हणतो काही नाही. दीड वर्ष. दीड वर्षात गेला माणूस, ना ताप ना खोकला. त्याच्या दफनाला ट्रेव्हरकडे बघितलं मी. एकाहत्तर वर्षांचा. पहाटे पाचला उठतो, शीळ घालतो, पाव बांधून घेतो, संध्याकाळी घरी येऊन आज ती कुठे उसळली ते हाताने हवेत काढून दाखवतो. म्हटलं, मासा मिळाल्यावर हाही असाच खुर्चीत बसला तर? दुसऱ्या दिवशी सकाळी हा दगड घेतला.

चार वर्षं झाली. समुद्र काय, कुठे जातोय? नवरा हवा ना बरोबर बघायला.

तो येऊन म्हणतो, ग्लेन्डा, तिने दाणा घेतला गं, आणि टाकला. मी म्हणते, अस्सं? मग एक फिरकी वाढवू या. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग एक नळी वाढवू या! म्हणून तर सात तुकडे झाले, नाहीतर कोण बांधतंय हे असलं तोरण? दोष रिगला जायला हवा ना, गळाला नको. हसताय तुम्ही. हसा. मीही हसते कधी कधी. आणि कधी कधी — आता रविवारचीच गोष्ट. मार्जरीने पाठवलेलं कॅलेंडर आहे आमच्या स्वयंपाकघरात, क्रोमरचं. महिन्याचं पान उलटलं तर असा निळाशार समुद्र. मी म्हटलं, किती छान नाही? एवढंच. तो पावाला लोणी लावत होता. तर असं आहे. मग, कुठली देऊ तुम्हाला? माझं ऐका आणि साधी घ्या.

काय? रिग नकोच? मग एवढं धावत कशाला — फोन? लागणार कसा, सकाळपासून रिसीव्हर काढून ठेवलाय मी, तो विमावाला जीव खातो. कुणी पाठवलं? ट्रेव्हरने? काय झालं त्याला? बोला ना! पडला का? छाती —

मिळाली?

बटन्स?

आणि झोळीत घालून पाण्यात धरून ठेवलीय? किती वेळ झाला? अहो शहाणे, मासा झोळीत, नवरा गुडघाभर पाण्यात, आणि तुम्ही इथे बसून माझी बडबड ऐकताय! मी बोलू दिलं नाही, बरोबर. बरोबर आहे. फोटो माझ्याच हातचा हवा म्हणाला? दुसऱ्या कुणाला कॅमेऱ्याला हात लावू देणार नाही म्हणाला? कॅमेरा इथेच होता, या खणात — पण मिळाली कशी? कशी मिळेल? माझा गळ तर — तुम्ही दिलीत का त्याला तुमची रिग? नाही? मग? काय ते, दाखवा. ठेवा इथे, उजेडात.

लाल दोरा.

हा त्याच्याकडे कुठून आला? टोपीच्या आत? बारा वर्षं टोपीच्या अस्तरात खोचून — थांबा. अंगठा... रुततोय. अजून रुततोय हो.

काय म्हणालात? पुन्हा सांगा. रोज? रोज सकाळी, तुमच्या सगळ्यांसमोर, नखावर? घसरतो, तरी? हसतो, आणि म्हणतो, ग्लेन्डाला अजून निघायचं नाहीये — आणि तोच टाकतो? चार वर्षं तोच टाकतोय पाण्यात?

आणि आज काय म्हणाला? आज टोपी काढताना काही म्हणाला?

कॅलेंडरचं.

अगं बाई.

नाही, काही नाही, डोळ्यांत काही गेलं. दाराची पाटी उलटी करा, 'बंद' बाहेर येऊ दे. माझा कोट द्या तो. मुद्दाम नाही म्हटलं हो मी ते, नुसतं पान उलटलं — बरं, तुम्ही पुढे व्हा, तुमचे पाय तरुण आहेत. त्याला म्हणावं, ती येतेय. म्हणावं, ग्लेन्डा म्हणाली की — नको. माझं मी सांगीन. जा तुम्ही. जा!