करंजी घाटातले फोटो

मी नगरहून पाथर्डीला सायकलवर जाऊन आलोय, हे तुम्हाला कधी सांगितलं नसेल. कारण त्याचे फोटो आहेत.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट असेल. मी आणि माझा मित्र वसंता, दोघेच. कॅमेरा त्याच्या मामाचा. जाताना करंजी घाट सगळा उताराचा. हँडल सोडून, शीळ घालत असा सुटलो की विचारू नका! आल्यावर आठवडाभर चहाच्या हॉटेलात हेच ऐकवत होतो. येताना तोच घाट चढावा लागतो, एवढं मात्र सांगायचं राहून जायचं. मित्रमंडळी इतकी पेटली की पुढच्या रविवारी मीच सगळ्यांना घेऊन जायचं ठरलं.

तेवढ्यात फोटो धुऊन आले. वसंताने ते टेबलावर मांडले. डोंगर, दरी, ढग, सगळं झकास. पण पहिल्या फोटोत मी सायकल ढकलतोय. दुसऱ्यातही ढकलतोय. तिसऱ्यात तिला धरून धापा टाकतोय.

"वश्या, मी सायकलवर बसलेला एकही फोटो नाही?"

"उतारावर तू थांबलास कुठे? चढावर मी पुढे जाऊन तुझी वाट बघायचो, तेव्हा काढले."

सगळे खो खो हसत सुटले. मी पुन्हा उताराचं सांगायला लागलो, तर चहा घेऊन आलेले हॉटेलवाले तात्या वाकून एकेक फोटो बघत म्हणाले, "सायकल लई नशिबाची हाय बरं का तुमची. आख्खा घाट फिरवून आनला तिला. आता एकदा तुमी बी जाऊन या."