सिॲटल ते टोकियो, नाशिकमार्गे

मीना : धरा नीट. नकाशात सिॲटलवरचा तुमचा अंगठा हलला.

धनराज : हलला नाही. मोजणी खात्यात बत्तीस वर्षं काढलीत, पेठ-सुरगाण्याचे डोंगर मोजलेत. तू दोरा टोकियोपर्यंत आण.

मीना : साडीच्या फॉलचा दोरा आहे, तुमची मोजणीची साखळी नाही. मोबाइलला विचारलं असतं तर एव्हाना चहा झाला असता.

धनराज : मोबाइल जागेवर जाऊन मोजतो का? हं. अटलांटिक गेला, युरोप गेला, चीन गेला... एकोणतीस हजार किलोमीटर! सिॲटलहून आपला किशोर म्हणाला तेच खरं. फार लांब पडतं.

मीना : गुरुवारी त्याच्या बहिणीचं टोकियोत ऑपरेशन. जावई बोटीवर, आपला व्हिसा अडकलेला. शुद्धीवर आल्यावर स्नेहलच्या उशाशी कोण असणार? नर्स?

धनराज : जपानी नर्स चांगल्या असतात म्हणे.

मीना : तुमच्या बायपासला तो आला नाही म्हणून ती दोन शब्द बोलली. तीन वर्षं झाली त्याला!

धनराज : दोन नव्हते. बराच वेळ बोलत होती... अगं, नकाशा कशाला काढतेस भिंतीवरून?

मीना : गुंडाळतेय. पृथ्वी गोल आहे एवढं शाळेत शिकलेय मी. ही कड त्या कडेला लावली. आता बघा तुमचं सिॲटल आणि टोकियो.

धनराज : थांब, चष्मा लावू दे.

मीना : मोजा की.

धनराज : मधे नुसता समुद्र आहे. तो नकाशावाल्यानं मधोमध कापलाय. यात माझा काय दोष?

मीना : मोबाइल म्हणतो, सात हजार सातशे. थेट विमान, दहा तास.

धनराज : बरोबर मोजलंय मोबाइलनं.

मीना : आणि दहा तासांसाठी किशोर नाही म्हणाला? ऑपरेशन आहे हे ऐकूनसुद्धा?

धनराज : मी त्याला विचारलं, टोकियो तुला लांब पडतं का? तो म्हणाला, फार लांब पडतं.

मीना : ऑपरेशनचं काय म्हणाला?

धनराज : तिथपर्यंत विषय गेला नाही.

मीना : अहो!

धनराज : स्नेहल म्हणाली होती, दादाला कळवू नका. मग मी आडून विचारलं. तीन वर्षं हेच करतोय ना आपण? ती चिडून बोलते, मी त्याला सांगतो, तुझी आठवण काढत होती. तो गप्प बसतो, तू तिला सांगतेस, दादानं तब्येत विचारलीय. दोघांचं सगळं बोलणं नाशिकवरून जातं, आणि आपण ते धुऊन पुसून पुढे पाठवतो.

मीना : लावा फोन. स्पीकरवर. काही धुवायचं नाही.

किशोर : बोला बाबा. झोपायलाच निघालो होतो. सगळं ठीक?

धनराज : तुझ्या बहिणीचं गुरुवारी ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे. घरी कोणी नाही. तुला कळवू नका म्हणाली होती, म्हणून कळवलं नाही. चूक माझी.

किशोर : मी यावं असं ती म्हणाली का?

धनराज : ती म्हणत होती की —

मीना : थांबा हो. नाही रे, तसं ती काही म्हणाली नाही. आणि आम्ही विचारणारही नाही. तूच विचार.

किशोर : आई... तिच्याकडे आत्ता किती वाजलेत?