टप काढलेली गाडी

गॅरेजच्या बाकावर मी बसलो होतो. पलीकडे वेल्डरबाई एका म्हाताऱ्या नवरा-बायकोला त्यांची जुनी गाडी दाखवत होती.

"आजोबा, टपाचे दोन्ही सुटे पत्रे काढलेत. आता पुढचं एकच चाक जॅकवर उचलते."

"नको गं बाई! टप काढला की गाडीला पीळ पडतो. त्यातच दार अडकून आमची ही तासभर आत बसली होती. वीस वर्षं झाली, पुन्हा टप काढला नाही."

"म्हणून तर खालून लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्यात. बघा."

"अगं, जॅक पुढच्या चाकाला आणि त्याबरोबर मागचंही चाक उचललं गेलं की!"

"चौकट आता वाकतच नाही. दार लावा."

"बाप रे! एका बोटानं लागलं!"

"जॅक काढते. आजी, बसा आत."

"बसले. लावा हो दार."

"आता उघडून बघ."

"उघडेल हो. आभाळ बघू द्या जरा. या वेळी तासभर मी माझ्या मर्जीनं बसते."