बिचाऱ्याले गरमी होते

सूर्यभान: मी सांगतो तुले शाकीबभाई, चोर बाजूच्या घरात हाय. उत्तमरावच्या. बाकी काही तपासायची गरजच नाही.

शाकीब: काकाजी, मी नेटवाला हाय, ठाणेदार नाही. आधी लाइन पाहू द्या.

आचल: दादा, जरा लवकर पाहा. चार वाजता माझी नोकरीची ऑनलाइन मुलाखत आहे, आणि आत्ताच तीन वाजून दहा झालेत. परवा मधातच नेट अटकलं. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी एक शेवटचा चान्स देते, तोवर नेट नीट करून घ्या.

सूर्यभान: अटकलं म्हंजे कसं, हिचं तोंड उघडं अन् डोळे मिटलेले. तिकडं पाच मिनिटं तसंच दिसून राह्यलं. त्या मॅडमनं फोटो धाडला. दाखव त्याले.

आचल: फोटो राहू द्या बाबा.

शाकीब: हे पाहा ताई. दारातल्या वायरीवर मीटर एकदम बराबर दाखवते. ऑफिसमधूनबी चेक केलं, तुमच्या राउटरपर्यंत शंभरची स्पीड पूरी येऊन राहिली. अन् तुमच्या मोबाइलवर दोन. म्हणजे माल घरात येते अन् पुढं हवेत गायब होते.

सूर्यभान: हवेत नाही, उत्तमरावच्या घरात. पाच वेळा पासवर्ड बदलला मी. पाचही वेळा त्याले मालूम पडला.

शाकीब: कसा काय पडते?

सूर्यभान: तेच तं. मी तं घरातबी कोणाले सांगत नाही.

आचल: मलासुद्धा नाही. मी कूलरवर वाचून घेते.

शाकीब: कूलरवर?

आचल: बाबा विसरतात ना. म्हणून कूलरच्या मागच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवतात. सकाळी बाहेरून पाणी भरताना दिसतो त्यांना.

शाकीब: मागचा पत्रा म्हणजे खिडकीबाहेरचा. उत्तमरावच्या ओट्याकडचा.

सूर्यभान: अक्षर बारीक हाय.

शाकीब: बरं. पण एकटे उत्तमराव शंभर पिऊन पिऊन किती पितीन? ताई, दिवसभर असंच चालते काय?

आचल: नाही. सकाळी बरं असतं, दुपारी मरतं. एप्रिलपासून असंच.

शाकीब: दुपारी घरात काय चालू होते?

आचल: बाबांची झोप.

शाकीब: झोपेनं नेट जात नाही. अजून?

आचल: अजून काय, कूलर.

शाकीब: एक मिनिट. राउटर कुठं हाय? मागच्या साली मी स्वतः या हॉलमधी टीव्हीच्या वर लावून गेल्तो. तिथं तं आता फुलदाणी हाय.

आचल: कपाटामागं सरकवला म्हणाले बाबा.

शाकीब: कपाटामागं नुसती वायर हाय. काकाजी?

सूर्यभान: हाय ना. चांगल्या जागी हाय.

शाकीब: कोणत्या?

सूर्यभान: थंड जागी.

आचल: बाबा.

सूर्यभान: तू त्याले हात लावून पाह्यला होता काय कधी? भट्टीसारखं तापत होतं. बाहेर पंचेचाळीसचा पारा, अन् ते बिचारं रात्रंदिवस चालू. मले दहा मिनिटं कूलरबिगर निघत नाही, मंग त्यानं काय पाप केलं?

शाकीब: तुमी त्याले कूलरसमोर ठेवलं?

सूर्यभान: समोर तं मी झोपतो.

शाकीब: मंग?

सूर्यभान: आतमधी.

शाकीब: या अल्ला. ताई, आधी मेन स्विच पाडा. कूलरचं दार उघडू द्या मले. पंपाच्या वर टांगलं हो काकाजीनं, तुरीच्या डाळीच्या पिशवीत.

सूर्यभान: पिशवीले भोकं पाडली. गुदमरू नाही पाह्यजे.

शाकीब: काकाजी, ही लोखंडाची पेटी. तिन्ही बाजूनं ओली खस, खाली पाणी, मधात मोटर. यातून नेट निघन कसं? सकाळी खस सुकी राहते म्हणून थोडं झिरपते. अन् जे झिरपते तेबी मागच्या फटीतून, सीधं उत्तमरावच्या ओट्यावर.

सूर्यभान: म्हंजे तो चोरत नव्हता?

शाकीब: नेट तुमीच पोचवलं, पासवर्डबी तुमीच लिहून देल्ला. त्या माणसाचा गुन्हा काय?

आचल: दादा, तीन पस्तीस झाले.

शाकीब: झालंच. टीव्हीच्या वर, उघड्यावर बसवला. स्विच उचला. आता पाहा मोबाइलवर.

आचल: चौऱ्याण्णव!

शाकीब: आता कूलर लावून पाहा.

आचल: सत्तावीस. परत अटकून राहिलं.

शाकीब: मोटर जुनी हाय, आतून ठिणग्या मारते. तिचा त्रास होऊन राहिला. मोटर बदलून घ्या पुढच्या हप्त्यात. आज मुलाखत होईपर्यंत कूलर बंद.

सूर्यभान: बंद? या टायमाले?

शाकीब: मुलाखत ताईची हाय, तुमची नाही.

सूर्यभान: मी माहं नाही म्हणून राहिलो रे बाबू. मी बसतो तसाच. त्या राउटरचं म्हणतो.

शाकीब: राउटरले घाम येत नाही काकाजी. तेवढं गरम चालते त्याले. झाकू नका, पाण्याजवळ नेऊ नका, अन् लाड तं बिल्कुल करू नका. निघतो मी. ताई, डोळे उघडे ठेवजा यावेळी, अटकलंच तं फोटो तरी चांगला येईन.

(पावणेपाच. तोच हॉल, कूलर बंद. आचल आतल्या खोलीतून येते.)

आचल: बाबा, झाली मुलाखत.

सूर्यभान: अटकली?

आचल: एकदाही नाही. सोमवारी नोकरीचा कागद पाठवते म्हणाल्या. इथं कोण आलं होतं मधात? आवाज येत होता.

सूर्यभान: उत्तमराव. त्याचं नेट गेलं म्हणे. नवा पासवर्ड कुठं लिहिला ते विचारत होता.

आचल: मग?

सूर्यभान: बोटानं चूप म्हटलं, बसवलं खुर्चीवर. अर्धा घंटा बसला बिचारा, शर्ट पिळून घरी गेला. अजून काय विचारलं मॅडमनं?

आचल: काम घरूनच करायचं आहे, तर उन्हाळ्यात नेटचं काय, असं विचारलं.

सूर्यभान: मंग तू काय म्हणली?

आचल: म्हटलं, बाबा पाहतात.

सूर्यभान: असं म्हणली?

आचल: हो. आता तो पेपर खाली ठेवा. तासभर वारा घालून राहिलात त्याला. राउटरला घाम येत नाही, सांगून गेले ना दादा.

सूर्यभान: मालूम हाय मले. पण मी हात थांबवला असता, अन् तू तिकडं अटकली असती तं?